नोंदणी रद्द

सावद्याच्या अलीकडे, सुपडू भारंबेंच्या केळीत,
पंपाच्या खोलीला टेकून उभी होती ती.
छप्पन सालची लँडमास्टर.
खरं तर खोलीच तिला टेकली होती.

"बाई, इचं काय करशीन?" सुपडूभाऊ म्हणाले.
"आतमधी कोंबडी बसेल हाये अंड्यावर.
एकवीस दिस थांब, मंग घेऊन जाय."

थांबले.
आरटीओच्या खिडकीमागे एकतीस वर्षं
मी लोकांना थांबवलं होतं.

अकरा पिल्लं निघाली, एक अंडं गार राहिलं.
बावीस हजार मोजले. ट्रॅक्टरला दोर बांधून
जळगावपर्यंत आणली, पुढे सुपडूभाऊंचा नातू,
मागे स्टिअरिंग धरून मी.
भुसावळच्या फाटकाशी लोक बघत होते,
कुणी म्हणालं, वरात आहे का मयत?

गंज नुसता तांबडा नसतो.
दाराच्या आत तो शेवेसारखा भुगा होतो,
चाकाच्या कमानीत पापुद्रे धरतो कांद्यासारखे,
आणि पायाखालच्या पत्र्याला बोट लावलं
तर बोटच आरपार. खाली अंगण दिसलं,
अंगणात मुंग्या.

वना मिस्त्री म्हणाले, इंजिन जाम आहे, जोर लावू नका.
चार प्लग काढले, चारी भोकांत डिझेल ओतलं,
आणि रोज सकाळी हँडलला एकदा हात लावायचा, बस.
वैशाखात सातनंतर पत्र्याला हात लागत नाही.
म्हणून पाचला उठायचं, तारेचा ब्रश, रॉकेलचा डबा,
पोलीस पेपरचा खर्र खर्र.
शेजारच्या फेगडेबाई गच्चीवरून विचारायच्या,
अहो, भांडी घासताय का?

सतराव्या दिवशी हँडल
एवढंसं,
नखाएवढं हललं.
मी कुणालाच सांगितलं नाही. ऑफिसात
दोन लर्निंग लायसन्सवर एकच नंबर टाकला.

सीटला गनी पिंजारींनी सरकी काढलेला कापूस भरला,
फोम नको म्हणाले, फोम घाम पितो.
डिस्ट्रिब्युटरचं झाकण धुळ्याच्या भंगारबाजारात सापडलं,
दुसऱ्याच गाडीचं. वनाभाऊंनी ते कानसीनं इतकं समजावलं
की शेवटी बसलं.
लांबी, रेड ऑक्साइड, मग फिकट हिरवा,
केळीच्या कोवळ्या पानाच्या पाठीसारखा.
दुकानदाराला तो रंग दाखवायला
मी पान घेऊन गेले होते पिशवीत.

आणि मग कागद.
जुनी रजिस्टरं तळघरात. तिथे वाळवीही आता
ताज्या फायलींकडे वळली आहे.
नंबर सापडला. शेवटच्या रकान्यात
"वाहन नादुरुस्त, भंगारात. नोंदणी रद्द."
तारीख चौऱ्याण्णवची, सप्टेंबर.
खाली अक्षर
माझं.
'द्द'चा पाय मी तेव्हा लांब ओढत असे,
नवी होते, झोकात लिहायचे.

गाडी मी पाहिली नव्हती.
अर्ज आला असेल, शिक्का मारला असेल,
चहा प्यायला उठले असेन.

वनाभाऊ म्हणाले, तुमचं तर हापिसच आहे,
करा की काहीतरी.
म्हटलं, मी लोकांना नाही म्हणत आले
याहून साध्या गोष्टींना.
ते कळण्याची भाकरी मोडत राहिले काळ्या हातानं.

तेव्हा ती परत सावद्याला गेली, टेम्पोवर.
मळ्यातली वाट खाजगी, तिथे नंबर लागत नाही.
सेल्फ मारला. खोकली. पुन्हा मारला.
आणि सुरू झाली, साधी, शिवणयंत्रासारखी,
केळीच्या दोन ओळींमधून
दहाच्या वेगात मी आणि सुपडूभाऊ,
ते पुढे बसून गप्पच. मागे कोंबड्या.

टोकाला पोचल्यावर सवयीनं मी बटण दाबलं.
बाजूच्या खांबातून इशाऱ्याचा लहानसा हात
कुरकुरत बाहेर आला, आत पिवळा दिवा.
डावीकडे.

डावीकडे वाट नव्हतीच.
नुसती केळी, आणि पाटातलं पाणी.
"राहू दे," सुपडूभाऊ म्हणाले, "चांगला दिसतो."