पुलाचा ढिगारा

एसाव बोयसेन दगड फोडत नसे,
दगडाची समजूत काढत असे.
किम्बर्लीच्या संग्रहालयात, मागच्या खोलीत,
मोच्याची आरी हातात धरून
पांढऱ्या पाटीतून हाड मोकळं करायचा,
एकेका बरगडीला कधी अख्खा आठवडा.
लेबलं लिहिण्याचं काम माझं.
अक्षर चांगलं, एवढ्यावर मिळालेली नोकरी.

प्राणी हातभर लांब. निमुळता जबडा,
फणीला असावेत तसे दात.
उथळ, मचूळ पाण्यात राहणारा;
महासागर पोहून जाणं त्याच्या बापजन्मी शक्य नाही.
आणि सत्तावीस सालच्या मार्चमध्ये
ब्राझीलहून पेटी आली.
इराती गावच्या चुनाभट्टीवरचा कारकून, झेफेरिनो पाशेको,
त्याने पोर्तुगीज वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवलेली फरशी.
एसावने कागद सोडला. बराच वेळ पाहत राहिला.
मग म्हणाला, "हा तर आपला."

लंडनहून प्रोफेसर हॅविलंड आले व्याख्यानाला.
मागच्या भिंतीशी एसाव उभा,
दोन्ही हातांवर फरशी, आहेराच्या ताटासारखी.
प्रोफेसर म्हणाले, पूल होता.
आफ्रिकेपासून ब्राझीलपर्यंत जमिनीचा पूल. पुढे बुडाला.
कुणीतरी त्या जर्मन हवामानवाल्याचा विषय काढला,
खंडंच सरकली म्हणतो तो.
हशा.
मी तोही टिपून घेतला, कंसात.
"ढगांमागे धावणाऱ्याला डोंगरही धावताना दिसतात."
पुन्हा हशा.
मग मात्र ते गंभीर झाले,
आणि त्यांचा प्रश्न खोटा नव्हता, हे मी आजही मानते:
"ढकलणार कोण?
खडकातून खडक ओढून नेईल असं बळ दाखवा,
मी टोपी काढतो."
कुणाकडेच नव्हतं.

एसावचा बाप गवंडी.
मॉडर नदीवरच्या पुलाला त्याचे हात लागलेले.
लढाईत बोअरांनी तो उडवला,
तरी त्याचे दगड किती वर्षं पात्रात दिसत.
दिवा मालवताना एसाव म्हणाला,
"मिस, पूल पडला तर ढिगारा राहतो.
एवढ्या मोठ्या पुलाचा ढिगारा कुठंय?"
"सभेत का नाही विचारलंस?"
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की मी लेबलांकडे वळले.
'बुडालेल्या भूपुलावरून स्थलांतर,' लिहिलं.
सुंदर अक्षरात.

पुढे सरकारने मलाय कॅम्पातली घरं पाडली.
एसावचं घर चुलीसकट गेलं,
शेजारी चार दिशांना.
तेवढ्याला कुठलं बळ लागलं?
एक टंकलिखित कागद. एक ट्रक.
पायाखालची जमीन सरकली, असं आपण म्हणतो ना,
ते आम्हा गोऱ्यांच्या तोंडी नुसतंच बोलणं.

हॅविलंड वारले तेव्हा
त्यांच्या पुस्तकात पूल अजून होता,
बुडालेल्या अवस्थेत भक्कम.

सदुसष्टात एक विद्यार्थी आला, काखेत गुंडाळलेला नकाशा.
अटलांटिकच्या तळाशी मधोमध डोंगररांग,
दोन्हीकडे चुंबकी पट्टे, एकमेकांचे आरसे.
तळच उसवतोय, म्हणाला, खालून नवा खडक येतोय.
खंडं कुणी ढकलत नाही,
तळासोबत ती नेली जातात.
वेग? नखं वाढतात तेवढा.
एसावने स्वतःची बोटं पाहिली.
"माझी तर झिजतच गेली."

निवृत्त होऊन त्याला सात वर्षं झालेली,
डोळ्यांत मोतीबिंदू. तरी मी दोन्ही फरशा काढल्या,
आपली आणि पाशेकोची,
टेबलावर कडेला कड लावून ठेवल्या.
नवं लेबल कोरंच होतं.
त्याने चाचपलं. इकडचा कणा, तिकडची शेपटी.
"जुळत नाहीत," मी म्हटलं.
"जुळतील कशा? दोघं वेगवेगळे मेले."
बोट मधल्या फटीत थांबलं.
"पाणी एकच होतं.
एवढंच लिहा."