आधी कंदील

विश्रामबागेत, फरशीच्या दुकानावर, दुसरा मजला.
चपला बाहेर. आत कसलासा धूर,
ती म्हणाली, सेज आहे, जागा शुद्ध होते.
मला आपला बाळंतिणीच्या खोलीतला शेक आठवला.

ऋजुता बिरनाळे. आधी बँकेत होती, कर्ज विभागात.
आता पत्ते वाचते.
पोरीनं पैसे परस्पर भरलेत: चाळीस मिनिटं, सातशे.
"बाबा, जाऊन तर या. झोप लागली तर लागली."

खिडकीत स्फटिक मांडलेले,
पुनवेला गच्चीवर नेते म्हणे, चांदणं भरायला.
बरण्यांत खडेमीठ, लवंगा, तमालपत्र,
आणि हळकुंडं.
ती मी लांबूनच ओळखली:
सेलम, पॉलिश जास्त, रंग वरून चढवलेला.
बोललो नाही. दुसऱ्याच्या देवघरात
मालाची प्रत काढू नये.
तिच्या चहाच्या मगावर सोनेरी अक्षरं होती.
चेटकीण.

"डाव्या हातानं काढा. तीन."
आमच्या सौद्यात हात रुमालाखाली असायचा,
बोटांनीच बोटांना भाव सांगायचा.
उघड्यावर हात पुढं करताना
उगीच नागवं वाटलं.

पहिलाच पत्ता: उलटा टांगलेला माणूस.
पायाला दोरी, डोक्यामागं उजेड,
आणि तोंडावर कसली घाई म्हणून नाही.
"घाबरू नका हं. याचा अर्थ थांबणं."

बाई, म्हटलं, आमच्या हरिपुरात
माणसं दोरीवरच जायची. काखेत फास, पाय खाली.
पेवाचं तोंड परातीएवढं,
पोटात मात्र गाडीभर हळद, वर्षानुवर्षांचा अंधार.
आधी कंदील सोडायचा.
विझला तर कुणी उतरायचं नाही.
एवढाच मंत्र. त्याला पुनव लागत नव्हती.

आणि काठावर यसूआक्का बसायची.
कंदिलाच्याही आधी वाकून हुंगायची.
"उतरा" म्हणायची. कधी म्हणायची, "आज नगं."

त्या दिवशी नगं म्हणाली.
ट्रक उभा होता, मुकादमाला घाई होती.
कंदील भरलेलाच नव्हता, आणायला कोण जाणार?
तुका भोई उतरला.
वर ओढला तेव्हा दोरी तीच होती,
वजन निराळं.

हिनं आधी सांगितलं, म्हणजे हिनंच केलं.
रात्री तिच्या दारात माणसं.
कात्री सापडेना, म्हणून विळ्यानं.
ती ओरडली नाही, नुसती हुंगत होती,
आमच्या प्रत्येकाच्या दिशेनं तोंड करून.

मुकादम माझा बाप.
आणि कंदील, बाई,
कंदील त्या रात्री भरलेला होता.
मी धरला होता. नऊ वर्षांचा होतो,
हात हलू देऊ नकोस म्हणाले होते,
मी हलू दिला नाही.

पुढं पाच सालच्या पुरात पेवं बसली.
हळद आता शीतगृहात असते,
मी तिथं तापमानाच्या वहीत आकडे भरतो.
रात्रपाळी मागून घेतो.

पुढचे दोन पत्ते पालथेच राहिले.
तिनं मग उचलला, प्यायली नाही,
कुठं ठेवावा कळेना तसा धरून बसली.
खालून फरशी कापायचं मशीन चालू झालं, बंद झालं.
मग बँकेतल्या आवाजात तिनं विचारलं,
"वास कसा असतो हो? खराब हवेचा?"

मला कुठं ठाऊक, म्हटलं.
मला कधीच आला नाही.
आम्ही एकीलाच तेवढा येत होता.

चाळीसची साठ मिनिटं झाली. जादा घेतले नाहीत.
जिन्यात अंधार, बल्ब गेलेला.
पायरीपायरीला उगाच नाक ओढून बघत उतरलो.

खाली फरशीवाला हसला.
"काय सांगितलं बाईनं?"

आज नगं, म्हटलं.