परिशिष्ट 'ब'

सिव्हिल लाइन्स, मे महिन्यातला मंगळवार,
कूलरच्या खसला भिजल्या मातीचा वास,
आणि टेबलावर सत्तेचाळीस कामांची यादी.
रकाने दोन : देता येईल. देता येणार नाही.
मी टंकत होते.

मीटरचं रीडिंग, देता येईल.
नागनदीचा गाळ, देता येईल, मागच्याच दराने.
मोकाट कुत्री, गडर लाइन, बागेतले झोपाळे,
पंगतीत वाढावं तसा उपायुक्तांचा हात फिरत गेला,
घ्या हो, अजून एक.

थकबाकीदाराचा नळ कोणी कापायचा
इथे जरा अडलं.
कापणं ठेकेदाराचं, म्हणाले सल्लागार,
'कापा' म्हणणं आपलं.
पुण्याहून आले होते ते, मठ्ठ्याचा ग्लास रुमालाने पुसून घेत होते.
मला वाक्य आवडलं. चुकून दोनदा टंकलं.

अनुक्रमांक एकतीस.
बेवारस प्रेतांचा अंत्यविधी.
लाकूड, वाहतूक, कापड धरून दर आला होता, प्रति नग.
कोणीतरी खोकललं.
मग 'प्रति प्रकरण' केलं.

लांजेवारांना बोलावलं, आरोग्य विभाग, चौतीस वर्षं नोकरी.
गालिचा बघून चपला दाराबाहेर काढून आले.
तुम्ही तिथे नेमकं काय करता?
"काई नाई जी. उभा राह्यतो."
म्हणजे?
"पोलीस कागद देते अन् जाते.
लाकडं घाटावरचे लोकं रचते.
आग लावाले दोन मिनिटं लागते.
पन सरेपर्यंत कोनी पाह्यजे ना साहेब.
म्हून उभा राह्यतो. पावसाळ्यात छत्री घेऊन."

हे मोजायचं कसं, सल्लागारांनी उपायुक्तांना विचारलं.
लांजेवारांना वाटलं, आपल्यालाच.
"तीन तास. जाडा असला तं साडेतीन."

कोणी हसलं नाही.
कूलरचं पाणी संपलं होतं, पंप कोरडा घरघरत होता.
पाणी भरणारा पोरगा ठेक्यातला,
गेटवरचा गार्ड ठेक्यातला,
आणि मी : अकरा महिने, एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने,
पगार वर्ध्याच्या एजन्सीकडून, पंधरा तारखेनंतर कधीतरी.
रकान्यात काय बसतं ते मी ठरवत नाही.
रेघा मारते. सरळ.

पाचला उपायुक्त उठले. एकतीस पुढच्या बैठकीत.

'कामाचे स्वरूप' खाली लिहिलेलं होतं
लाकूड, वाहतूक, कापड.
मी पुढे स्वल्पविराम दिला, आणि टंकलं
उभे राहणे.
सांगितलं कोणी नव्हतं.
वाचून दाखवलं तेव्हा काढायलाही कोणी सांगितलं नाही,
सगळे आपापल्या गाडीच्या किल्ल्या चाचपत होते.

बाहेर लांजेवार एक चप्पल शोधत होते.
ऑक्टोबरात रिटायर होतात.
"ढेंगरे बाई, तुमची ऑर्डर कवा सरते?"
शनिवारी, म्हटलं.
चप्पल कुंडीमागे सापडली.
पायात घालून ते तिथेच थांबले,
माझी स्कूटी सुरू होईपर्यंत.