एक सेंटीमीटर

सांगली मार्केट यार्ड, गाळा सत्तावीस.
फरशी वाकडी, म्हणून काट्याखाली
पुठ्ठ्याची घडी घालते.
हळद निवडणाऱ्या बायकांची रांग.

गंगव्वा चढते. उतरते.
कमरेची किल्ली, चंची काढून ठेवते,
पुन्हा चढते. एकोणचाळीस.
"पोतं पन्नासाचं असतंय," ती म्हणते,
"कमी भरलं तर शेठ परत लावतोय."
मागं हशा.

रक्त आहे का बघायला तळहात धरला
तर कातडीत मुरलेली हळद, काहीच कळेना.
पापणी खाली ओढली.
आत वहीच्या पानासारखं पांढरं.

"काल रात्री काय जेवलीस?"
"समद्यांचं झाल्यावर व्हय?"
माझं पेन तिथंच थांबलं.

टाच भिंतीला. मान सरळ.
गेल्या साली एकशे एकोणपन्नास,
यंदा अठ्ठेचाळीस.
"एक सेंटीमीटर कुठं गेला गं?"
"आसंल की हितंच, थप्पीखाली."

दिवेलागणीला सरासरी काढली:
त्रेचाळीस पूर्णांक दोन.
एवढ्या वजनाची रांगेत कोणीच नव्हती.

काटा पिशवीत घालतेय
तोवर जरीना पळत आली,
पदरानं तोंडावरची भुकटी पुसत:
"बाई, माझं ऱ्हायलं."

पुठ्ठा पुन्हा घातला.
ती चपला काढतेय.