एका हातमोज्याची नोंद

कुल्डीगाच्या वाचनालयात दर गुरुवारी संध्याकाळी
मी फुकटचा मास्तर असतो.
दोन टेबलं, चार खुर्च्या, एक हट्टी राउटर,
आणि ज्यांची नातवंडं
"इतकं सोपं तर आहे" म्हणून उठून गेली
अशी माणसं.

मधमाश्या पाळणारा गुंटिस
पासवर्ड टोपीच्या अस्तरावर लिहितो
आणि टोपी घरी विसरून येतो.
मी रागावत नाही. मीही एकदा
अख्खी रात्र जाळली होती
एका राहून गेलेल्या अर्धविरामापायी.

माझा नियम एकच:
कीबोर्ड शिकणाऱ्याच्या हातात.

वेल्टा आली नोव्हेंबरात, बोटं गारठलेली.
उशीच्या दोन अभ्र्यांत भरून आणलेले
जुने हातमोजे, लोकरीचे, नक्षीचे,
खेड्याखेड्यांतून आयुष्यभर गोळा केलेले.
"हे जगाला दाखवायचेत," म्हणाली,
"पहिला टाका कुठे घालू?"

तक्ता तिनंच आखला, मी नुसतं सांगत गेलो.
क्रमांक. गाव. नक्षी. किती. कुणी विणला.
शेवटी एक रकाना तिनं स्वतःहून जोडला,
विचित्रच: दुसरा कुठे.

"किती"खाली दोन, दोन, दोन, दोन.
अठ्ठ्याऐंशीव्या ओळीवर एक.
हातमोजा लहानसा, लाल-करडा, अंगठा वाकडा.
"दुसरा भावाच्या हातात होता," ती म्हणाली,
"एकोणपन्नासच्या मार्चमध्ये
त्याला गाडीत चढवलं तेव्हा."
चष्मा पुसला. मग विचारलं,
"इथे शून्य लिहू?"

मी मास्तरकीच्या सुरात सांगत बसलो,
दुसरं काय बोलावं ते सुचेना.
शून्य म्हणजे मोजलं, आणि काही नव्हतं.
कोरी जागा म्हणजे लिहिलंय, पण काहीच नाही.
तिसरं असतं "ठाऊक नाही".
त्याला यंत्र वेगळी खूण ठेवतं.
त्याची बरोबरी कशाशीच होत नाही,
दुसऱ्या "ठाऊक नाही"शीसुद्धा नाही.

"शहाणं आहे की तुझं यंत्र," वेल्टा म्हणाली,
आणि ती खूण तिनं त्या ओळीत दोनदा वापरली.
दुसरा कुठे: ठाऊक नाही.
कुणी विणला: ठाऊक नाही.

फेब्रुवारीत मी नियम मोडला.
"सरका जरा, पटकन करून देतो" म्हणालो,
आणि सरावाचा समजून
तिचा खरा तक्ता पुसला.
एक ओळ, एक अर्धविराम (या वेळी न विसरता), एंटर.
पापणी लवायच्या आत दोनशे चौदा नोंदी गेल्या.

बॅकअप?
बॅकअपचा धडा पुढच्या गुरुवारी होता.

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.
गुंटिस खिडकीतून नदीकडे बघत राहिला, भला माणूस.
वेल्टानं पिशवीतून चौकटीची वही काढली.
"चुकलं की उसवायचं," ती म्हणाली,
"लोकर कुठे पळून जात नाही.
तू मात्र आता हात मांडीखाली घे."

तीन गुरुवार लागले.
गुंटिस वाचायचा, मध्येच गावांची नावं चुकवायचा,
ती टाइप करायची, दोन बोटांनी,
पण आता खाली न बघता.
मी मांडीखाली हात घेऊन चहा गार होऊ दिला.

अठ्ठ्याऐंशीवी ओळ आली.
गुंटिसनं वहीतलं वाचलं, "कुणी विणला, ठाऊक नाही."
तिची बोटं थांबली.
मग तिनं वहीत नव्हतं ते लिहिलं:
मी. वय नऊ. पहिलाच जोड.

शेजारचा रकाना तिनं तसाच ठेवला.
कुणी काही विचारलं नाही.
राउटरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

त्या रात्री बॅकअप तिनंच घेतले, दोन.
एक वाचनालयाच्या कपाटात.
दुसरा पेनड्राइव्हवर, गुंटिसच्या टोपीत,
अस्तराला टाका घालून.

घरी विसरला तरी चालेल, मी म्हटलं.
विसरच.