चाळण

सकाळी सहाला हेलिकॉप्टर उतरतं
आणि केळीची पानं चिंध्या होईस्तोवर फडफडतात.
आम्ही बादल्या घेऊन रांगेत उभ्या,
मी, मग बुआलाय, मग तिची मुकी सून,
मग सेपोन नदीपलीकडून आलेल्या बाया,
ज्यांची नावं दुभाष्याने चुकीची लिहिलीत.
उतारावर दोऱ्यांनी आखलेले चौकोन.
माती हातोहात खाली येते,
जाळीवर पडते, पाणी मारायचं,
खडा, मूळ, खडा, मूळ,
बोटाला वेगळं काही लागलं की हात वर.
मजुरी रोख. पावसाचा दिवस अर्धा.

काय सापडलं?
बुटाची पितळी कडी.
चेनचे सात दात, एकमेकांत अडकलेले.
वितळून थिजलेल्या काचेचा थेंब.
माणूस नाही.
सत्तेचाळीस दिवस झाले, माणूस नाही.
त्यांचा कॅप्टन रात्री कंदील लावून
नकाशाशी भांडतो, असं पहारेकरी सांगतो.

माझा बाप दुपारी यायचा, दगडावर बसायचा.
टोपलीत चिकटभात, बांबूच्या कोंबांचा रस्सा,
आणि तो चमचा.
माझ्याही आधीपासून घरात आहे तो,
विमानाच्या पत्र्याचा, राखेच्या साच्यात ओतलेला,
इतका हलका की तोंडात आहे की नाही कळत नाही.
"आजोबा, हा कुठून आणला?" दुभाष्याने विचारलं.
"बाजारातून," बाप म्हणाला,
आणि रस्सा भुरकत राहिला.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी तो जेवला नाही.
उठला, दोऱ्या ओलांडल्या,
कड्यामागच्या वारुळापाशी गेला
आणि काठीने जमीन ठोकली,
रात्री उशिरा घरी आलेला माणूस
दार ठोकतो तशी.

"इथे आहे.
झाडात अडकला होता. तिसऱ्या दिवशी फांदी मोडली.
मी तेरा वर्षांचा. आई गुहेबाहेर यायला तयार नव्हती.
ओढत आणला. मनगटाला पांढरा दोरा बांधला,
जीव रानात हिंडू नये म्हणून."

मग बराच वेळ नुसती रातकिड्यांची किरकिर.
दुभाषी ताटकळला. कॅप्टनने टोपी काढली, पुन्हा घातली.

"खड्डा एकच होता," बाप म्हणाला.
"आदल्या रात्री माझी बहीण गेली, त्यांच्याच बॉम्बनं.
ह्याचं विमान की दुसरं, कुणी पाहिलं?
खड्डा तिच्यासाठी खणला होता.
दुसरा खणायला हातात बळ नव्हतं.
आणि ती... ती एकटी झोपायची नाही."

दुभाष्याने हे सगळं सांगितलं का, ठाऊक नाही.
त्याने फार थोडे शब्द वापरले.

वारूळ उघडलं. चाळण मीच हलवत होते.
हाडांची डॉक्टर, चष्मेवाली, माझ्या पोरीच्या वयाची,
गुडघ्यांवर बसून ब्रशने माती झाडत होती,
आणि मध्येच तिचा हात थांबला.
तिला कुठल्या यंत्राची गरज पडली नाही.
मोठी हाडं पेटीत. क्रमांक, सही, झेंडा.
उरलेलं निळ्या प्लॅस्टिकवर,
कण्यांएवढे दात,
पडून नवे यायचे राहून गेलेले.
तिने कागद मागेपुढे चाळले.
ह्यांच्यासाठी रकाना नव्हता.

सलामी झाली. आम्हाला उभं राहायला सांगितलं,
हातांचं काय करायचं ते सांगितलं नाही,
मी ओल्या बादलीची कडी धरून राहिले.
हेलिकॉप्टर वर गेलं, केळी पुन्हा फाटल्या.
पैसे मोजून मिळाले,
पावसाचे चार दिवस अर्धे.

बापाने निळं प्लॅस्टिक डोक्याच्या फडक्यात बांधलं
आणि कड्यामागे गेला. कुणी अडवलं नाही.
अंधार पडल्यावर आला, नखांत माती.

त्या रात्री त्याने रस्सा वाटीनेच प्यायला,
वाटी दोन्ही हातांत धरून, थोडा हनुवटीवर सांडत.
चमचा कुठे, मी विचारलं नाही.