एकोणचाळीस

माझा वाढदिवस बुएनोस आयरेसमध्ये
आदल्या दिवशी दुपारी साडेतीनला सुरू होतो.
तेव्हा मी ऑफिसात असते,
सोयाबीन तेलाच्या जहाजाचे कागद तपासत:
रोसारिओहून निघणार, कांडल्याला लागणार,
इतके टन, इतकी आम्लता, खाली माझी सही.
टेबलावर फोन थरथरतो. तिकडे बारा वाजले.
आई म्हणते, झोपले नव्हते गं.
मग उदगीरची मावशी, मग भाचा, मग बँक.

शेजारचा एसेकिएल बघतो. त्याला कळलेलं असतं,
पण तोंड उघडत नाही.
दिवस उजाडायच्या आत शुभेच्छा देणं इथे अपशकुनी.
"उद्या," एवढंच म्हणतो
आणि पेन्सिलीला बोट लावतो
(टेबल चालत नाही म्हणे, लाकडाला पाय नसावेत).

माझा जन्म खरं तर पहाटे अडीचचा, मिरजेला.
इथल्या घड्याळात आदल्या संध्याकाळचे सहा.
म्हणजे पासपोर्ट एक सांगतो, पृथ्वी दुसरंच.
सहा वाजता मी भुयारी गाडीत होते,
कुणाच्या तरी दमट लोकरी कोटाला नाक लागलेलं,
दोन स्टेशनांच्या मधे, अंधारात,
कुणालाही न सांगता माझं वर्ष पूर्ण झालं.

दुसऱ्या दिवशी जुलैतली थंडी, आणि रिवाजाप्रमाणे
ज्याचा वाढदिवस त्यानेच खाऊ न्यायचा.
दोन डझन गोड चंद्रकोरी नेल्या.
एसेकिएलने गालाला गाल लावला, आता निर्धास्त.

रात्री चौथ्या मजल्यावरची नेलिदा आली,
किल्लीवाल्या ओस्वाल्दोची विधवा, हाताला ब्लीचचा वास,
ताटलीत केक, वर आटवलेल्या दुधाचा थर.
चव अगदी बासुंदीच्या खरवडीची;
तिला ते सांगता येईना, म्हणून दुसरा तुकडा घेतला.
मग तिने माझे केस बाजूला केले
आणि कान धरला.

मी दचकले. आमच्यात कान धरतात तो पाढा चुकल्यावर.
इथे वर्षामागे एक हिसका.
ऊनो. दोस. त्रेस.
सातव्याला घैसासबाई आठवल्या.
सोळाव्याला तिचा हात भरून आला, तिने कान बदलला.
पुढे काहीच आठवलं नाही, नुसता कान गरम.
तेविसाव्याला तिचं बोट थांबलं:
वरच्या कडेला जुनं भोक, बुजत आलेलं.
किल्लीवाल्याची बायको ती,
भोक दिसलं की पलीकडे काय, ते तिला हवं.
बुगडी होती, म्हटलं. विकली. वकिलाच्या फीसाठी.
कुठला वकील, तिने विचारलं नाही.
चोवीस, ती म्हणाली, जरा हळू.

त्रेइंता ई नुएवे.
तीस, आणि वर नऊ.
तिच्या भाषेत सगळं जमेच्या बाजूला.
मी म्हटलं, आमच्यात एकोणचाळीस:
चाळीसला एक कमी.
अख्ख्या दहा वर्षांतलं शेवटचं वर्ष
आम्ही पुढच्या खात्यावर उधार मांडतो.

"आणि मी? ऑक्टोबरात एकोणऐंशी."
पुन्हा तेच. ऐंशीला एक कमी.
तिने सुरी चाटली, विचार केला.
"तुम्हा लोकांना घाई फार.
माणूस अजून जिन्यात असतो
आणि तुम्ही दार उघडून उभे."

अकराला आईचा फोन. तिकडे वाढदिवस कधीच संपलेला,
सकाळ झालेली, ती चहाबरोबर
माझ्या नावाच्या शिळ्या पुऱ्या खात होती.
तेल कुठलं, मी कधी विचारत नाही.
"झाला का गं साजरा?"
अजून एक तास आहे, म्हटलं,
आणि फोन दुसऱ्या कानाला लावला,
कमी ओढलेल्या.